मागील बाकी

आमच्या घरात 'कंट्रोल' हा शब्द तांदळाबरोबर आला. माझी आजी रेशनच्या दुकानाला शेवटपर्यंत 'कंट्रोल' म्हणत असे. तिथला तांदूळ तो कंट्रोलचा तांदूळ, तिथली साखर ती कंट्रोलची साखर. लढाईच्या दिवसांत सरकारने धान्यावर नियंत्रण आणले आणि लोकांनी त्या परक्या शब्दाचे चक्क एक दुकान करून टाकले. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कळला. 'बाई, तुमचा वर्गावर कंट्रोल चांगला आहे', अशी शाबासकी अधूनमधून मिळे. त्याचा अर्थ एवढाच की, माझा वर्ग चिडीचूप बसतो. आणि त्र्यंबकेश्वरात राहणाऱ्या माणसाला या शब्दाचा तिसरा अर्थ सिंहस्थ शिकवतो. २०१५ च्या सिंहस्थात कुशावर्ताकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून कठडे होते, शिट्ट्या होत्या, ध्वनिक्षेपकावरून अखंड सूचना होत्या. स्वतःच्या घरी जायलासुद्धा आम्ही कोणाचा तरी हात वर होण्याची वाट पाहत उभे राहत होतो.

या तिन्ही अर्थांत एक गोष्ट सारखी आहे. कोणीतरी एकजण वर बसलेला असतो आणि बाकीचे सगळे खाली असतात. वरचा सांगतो, खालचे ऐकतात. मी कादंबऱ्या लिहिते, आणि तिथे वर बसलेली ती मीच असते, निदान पहिली पन्नास पाने तरी! त्यामुळे नियंत्रण म्हटले की नियंता आलाच, असे मी बिनघोर धरून चालले होते. जिवंत देहात असा नियंता नसतो, आणि तरीही तिथे नियंत्रण असते, तेही आपल्या कोणत्याही कठड्यापेक्षा काटेकोर, हे मला एका गाईमुळे कळले.

गाय माझी नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीची. ताई अंजनेरीच्या पायथ्याशी राहते. भावजी गेल्यापासून तिचा संसार दोन संकरित गाईंवर चालतो. दिनूचे, म्हणजे माझ्या भाच्याचे, इंजिनियरिंगचे शिक्षणही त्याच दुधावर झाले. मॅट्रिकनंतर गणिताशी माझा संबंध सुटला तो सुटलाच; दिनूने मात्र त्याच्याशी जन्माची गाठ बांधली. विजेच्या शाखेतला तो विद्यार्थी. त्याच्या पुस्तकांवरही 'कंट्रोल' हाच शब्द पाहून मी एकदा त्याला विचारले होते, 'काय रे, रेशनचे दुकान काढणार आहेस की काय?' तो आईसारखाच हसतो, तोंडावर हात ठेवून.

गेल्या वर्षी भाद्रपदात ताईची कपिला व्यायली. तिचे ते तिसरे वेत. कालवड झाली, सगळे सुखरूप झाले. शेजारच्या आयाबाया खरवसाच्या आशेने डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कपिला लटपटू लागली. संध्याकाळी बसली ती उठेना. मान वळवून तिने तोंड आपल्याच कुशीत खुपसले होते. कान थंड पडले होते, नाकपुडीवरचा ओलावा सुकला होता. मी त्या दिवशी ताईकडेच होते. बाहेर आमच्याकडचा तो पाऊस, ज्याला सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो. गोठ्यात कंदील. कंदिलाच्या उजेडात ताईचा चेहरा पाहवत नव्हता. ती गाईला गोंजारत नव्हती, देवाचे नाव घेत नव्हती; नुसती भिंतीला टेकून उभी होती. अशा वेळी बाई मनातल्या मनात काय हिशेब करते, तो मला ठाऊक आहे. दिनूची शेवटच्या वर्षाची फी भरायची राहिली होती.

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून भिजत आले. त्यांनी कान चाचपले, ताप पाहिला आणि म्हणाले, 'दुग्धज्वर.' नावात ज्वर असला तरी या आजारात ताप नसतो; अंग उलट थंड पडते. रक्तातले कॅल्शियम एकदम उतरलेले असते, आणि कॅल्शियमवाचून स्नायूंना आकुंचन पावता येत नाही. त्यांनी गोठ्याच्या वाशाला बाटली टांगली आणि मानेच्या शिरेतून कॅल्शियमचे द्रावण थेंबथेंब सोडले. एका हाताने नळी धरलेली, दुसऱ्या हाताने छातीला लावलेली नळी कानात, कारण हेच औषध घाईने दिले तर हृदय बंद पडते. अर्धी बाटली सरली असेल, कपिलाच्या कातडीवरून एक थरथर गेली. मग तिने ढेकर दिली. मग शेण टाकले. ताई तेव्हा कुठे रडली. थोड्या वेळाने गाय पुढचे गुडघे रोवून, डुलत डुलत उभी राहिली.

जाताना डॉक्टर म्हणाले, 'ताई, आज सगळा चीक पिळू नका. वासराला पुरेल तेवढाच काढा.' आणि मग त्यांनी हिशेब सांगितला. गाईच्या दर शंभर मिलिलिटर रक्तद्रवात कॅल्शियम असते नऊ-दहा मिलिग्रॅम. सगळ्या रक्तद्रवाचे मिळून जेमतेम तीन ग्रॅम. आणि दहा लिटर चिकातून बाहेर जाते सुमारे तेवीस ग्रॅम! म्हणजे खिशात तीन रुपये आणि दारात तेवीस रुपयांचा मागणीदार.

डॉक्टर गेले, पण तो हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. गाय आजारी का पडली, हा प्रश्न त्या हिशेबाने सुटला होता. पण त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला होता : मग बाकीच्या गाई उभ्या कशा राहतात?

दिनू दोन दिवसांनी आला. त्याला मी हेच विचारले. गाईच्या मानेत परावटू नावाच्या अगदी छोट्या ग्रंथी असतात, एवढे मी शाळेतल्या पुस्तकात पाहून ठेवले होते. रक्तातले कॅल्शियम कमी झाले की त्या आपला स्राव सोडतात. तो हाडांना सांगतो, 'थोडे सोडा'. मूत्रपिंडांना सांगतो, 'वाया घालवू नका'. हाडांत कॅल्शियमचा साठा कित्येक किलोंचा. मग अडचण कसली?

दिनू म्हणाला, 'मावशी, एवढ्यानं नाही भागत. समज, जितकी तूट तितका हुकूम, असा कारभार आहे. तूट मोठी तर हुकूम मोठा, तूट शून्य तर हुकूमही बंद. आता गाय रोज दूध देतेय, म्हणजे गळती रोजची आहे. गळती भरून काढायला हुकूम चालू राहिला पाहिजे. आणि हुकूम चालू राहायचा तर तूट शिल्लक राहिलीच पाहिजे. म्हणजे या पद्धतीनं रक्तातलं कॅल्शियम पहिल्या पातळीवर कधी येणारच नाही. थोडं खालीच कुठंतरी अडकून बसेल.'

'पण धडधाकट गाईचं येतं ना?'

'येतं. तेच तर नवल आहे.'

या नवलाचा उलगडा २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आहे. हना अल्-समद आणि मुस्तफा खम्माश हे दोघे नियंत्रणशास्त्रातले, आणि जेसी गॉफ हे गाईंच्या याच आजारात मुरलेले पशुवैद्यक. यंत्रे जाणणारे आणि जनावरे जाणणारा, अशी ती सोयरीक. त्यांचे म्हणणे असे की, ज्या अर्थी निरोगी गाईचे कॅल्शियम गळती चालू असतानाही मूळ पातळीवर परत येते, त्या अर्थी तिच्या देहात आजच्या तुटीखेरीज आणखी काहीतरी मोजले जात असले पाहिजे. रोजच्या तुटींची बेरीज कुठेतरी साठत असली पाहिजे. ती जागाही त्यांनी सुचवली. परावटू ग्रंथींचा स्राव आजच्या तुटीप्रमाणे वागतो. पण तोच स्राव मूत्रपिंडांकडून 'ड' जीवनसत्त्वाचे एक कार्यक्षम रूप तयार करवून घेतो, आणि ते रूप हळूहळू साठत जाते. तेच आतड्यातल्या पेशींना कॅल्शियम ओढून घेणारी प्रथिने बनवायला लावते. हे काम एका तासात होत नाही. एक-दोन दिवस लागतात. कपिलाची पंचाईत झाली ती त्या एक-दोन दिवसांत.

दिनू कागदावर वळणदार चिन्हे काढून हे मला समजावत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे वेगळाच कागद आला. आमच्या वडिलांचे त्र्यंबकात किराण्याचे दुकान होते. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसे त्यांची गिऱ्हाइके. आषाढ-श्रावणात त्यांच्या हातात पैसा नसे. तेल, मीठ, मिरची उधारीवर जाई, आणि भात-नागली हाती आली की मार्गशीर्षात फेड होई. अण्णांच्या खातेवहीत प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर पहिली ओळ ठरलेली : 'मागील बाकी'. लक्ष्मीपूजनाला नवी वही यायची, तिला हळदकुंकू लागायचे, पण तिच्यातही पहिला आकडा जुनाच. मी एकदा विचारले होते, 'अण्णा, नव्या वहीत तरी जुनं कशाला?' ते म्हणाले होते, 'बाकी आहे म्हणून माणूस परत येतो, बाळ.' गल्ल्याकडे पाहून धंदा केला असता, तर ते दुकान पहिल्याच श्रावणात बंद झाले असते. गल्ला फक्त आजचे सांगतो. दुकान चालत होते ते वहीवर.

मी हे सांगितल्यावर दिनू क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, 'आजोबांना आमचा अख्खा धडा येत होता.' आजची तूट शून्य झाली तरी वहीतला साठलेला आकडा पुसला जात नाही, आणि त्या आकड्याच्या जोरावर भरपाई चालू राहते. म्हणून पातळी पूर्ववत होते आणि तशीच टिकते. इंजिनियर लोक याला 'इंटिग्रल कंट्रोल' म्हणतात. मी त्याला मागील बाकी म्हणते.

यंत्रांच्या जगात ही विद्या जुनी आहे. १७८८ साली जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे लावले. वेग वाढला की ते गोळे पसरत आणि वाफ कमी करत. १८६८ साली मॅक्सवेलने अशा यंत्रांचे गणित मांडले. पुढे नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली 'सायबरनेटिक्स' हा ग्रंथ लिहून ठणकावून सांगितले की, यंत्र आणि प्राणी यांचे नियंत्रण एकाच शास्त्राच्या दोन शाखा आहेत. हे वीनर १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. पण देहाला हे लागू आहे म्हणणे निराळे, आणि देहातल्या एका पेशीत ती वही नेमकी कुठे ठेवलेली आहे ते दाखवणे निराळे. त्यासाठी आणखी अर्धे शतक जावे लागले.

ती वही प्रथम सापडली एका क्षुद्र जंतूत. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू पोहतो कसा, तर थोडा सरळ जातो, मग गिरकी घेतो, पुन्हा सरळ जातो. गोडाचा वास लागला की गिरक्या कमी होतात आणि तो सरळ पळू लागतो. पण तोच गोडवा सगळीकडे सारखा पसरला, तर थोड्याच मिनिटांत गिरक्या पूर्वीइतक्याच होतात. जवळजवळ नव्हे, अगदी तेवढ्याच. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना धुपाचा वास नाकात भरतो आणि रांगेत जरा वेळ उभे राहिले की येईनासा होतो, तसेच काहीसे. १९९७ साली बारकाई आणि लाइबलर यांनी दाखवले की, हा नेमकेपणा पेशीतल्या प्रथिनांच्या अचूक मापावर अवलंबून नाही. १९९९ साली प्रयोगांत ती मापे कित्येक पटींनी बदलून पाहिली, तरी नेमकेपणा ढळला नाही. आणि २००० साली यी, हुआंग, सायमन आणि डॉयल यांनी त्याचे कारण सांगितले : हीसुद्धा साठलेल्या बाकीचीच करामत. वास घेणाऱ्या प्रथिनांवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके चढत-उतरत असतात. ते ठिपके हीच त्या जंतूची खातेवही. यातले जॉन डॉयल मुळात नियंत्रणशास्त्रातले. १९८९ साली त्यांच्याबरोबर त्या शास्त्रातला एक गाजलेला निबंध लिहिणाऱ्यांत प्रमोद खरगोनेकर होते, पवईच्या आय.आय.टी.चे १९७७ चे पदवीधर. विमाने आणि कारखाने यांच्यासाठी घडवलेली हत्यारे अशी हळूहळू पेशीपर्यंत पोचली.

पवईचे नाव निघाले म्हणून सांगते. तिथे या विषयाचे जे काम झाले, ते मला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्याचाही संबंध दुधाशी आहे. दुधातली साखर फोडली की दोन साखरा मिळतात : एक ग्लुकोज, दुसरी गॅलॅक्टोज. पाव फुगवणारे यीस्ट ग्लुकोज आवडीने खाते. गॅलॅक्टोज पचवायला मात्र त्याला खास प्रथिने बनवावी लागतात. गरज नसताना ती बनवणे म्हणजे पाहुणे नसताना पुरणाचा घाट घालणे. तेव्हा हे बटण केव्हा आणि कसे दाबले जाते? जीवशास्त्राचे पी. जे. भट आणि रासायनिक अभियांत्रिकीचे के. व्ही. वेंकटेश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९९ पासून या बटणाचे गणित मांडले. भट यांचे या एकाच विषयावरचे पुस्तक २००८ साली निघाले.

बटण मोठे गमतीचे आहे. गॅल-४ नावाचे प्रथिन म्हणजे दिवा. त्यावर गॅल-८० हे झाकण. आणि गॅलॅक्टोज आले की गॅल-३ हे झाकण दूर करते. येथवर सोपे आहे. पण दिवा लागला की त्या उजेडात आणखी गॅल-३ बनते, म्हणजे झाकण दूर करणारे वाढतात. आणि आणखी गॅल-८०ही बनते, म्हणजे झाकणेही वाढतात! एकाच दिव्याने आपला मित्रही वाढवायचा आणि वैरीही. शिवाय २००३ साली पवईच्या मंडळींनी हिशेब करून दाखवले की, ते झाकण पेशीकेंद्राच्या आत-बाहेर ये-जा करते, आणि त्या ये-जा करण्यामुळेच हे बटण गॅलॅक्टोजच्या चाहुलीला इतके तिखट होते. कोणी वर बसून सांगत नाही. तीन प्रथिने एकमेकांना अडवत, सोडवत राहतात, आणि त्या ओढाताणीतून जो निर्णय निघतो, तो पेशीचा निर्णय.

आता खरी गोष्ट. २००५ साली अमेरिकेत अजार, बेचकेई आणि फान आउडेनार्डेन यांनी याच यीस्टवर एक प्रयोग केला. काही पेशी गॅलॅक्टोजमध्ये वाढवल्या, काही त्याशिवाय. मग दोन्ही एकाच पाण्यात सोडल्या. त्यात गॅलॅक्टोज बेताचेच होते, धड जास्त नाही, धड कमी नाही. दोन्हींची वाण एक, अन्न एक, ऊब एक. दिवसभराने पाहिले, तर गॅलॅक्टोजमध्ये वाढलेल्यांचे दिवे लागलेले, आणि दुसऱ्यांचे बहुतेक विझलेले. गॅल-३ चे वाढणे रोखले की हे स्मरण नाहीसे होई. गॅल-८० चे वाढणे रोखले की ते अधिकच पक्के होई. या पेशींचा 'आज' सारखा होता. मागील बाकी वेगळी होती.

गतिकीचे शास्त्र याला दोन दऱ्यांची उपमा देते, आणि ती समजायला आम्हा त्र्यंबककरांना पुस्तक नको. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पाऊस पडतो. धारेच्या अलीकडे पडलेला थेंब गोदावरीत जातो. पैठण, नांदेड करत १४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळतो. वीतभर पलीकडे पडलेला थेंब वैतरणेत जातो, आणि मुंबईतल्या कोणाच्या तरी नळाला येतो. पडताना दोघांत अंतर वीतभराचे, पोचताना अर्ध्या देशाचे. मात्र थेंबाला कालचे काही आठवत नाही. वारा नेईल तिकडे तो पडतो. पेशीचे तसे नाही. ती धारेवर येते तीच मुळी कालच्या दरीतून चढून.

हे वाचत असताना मला माझा वर्ग आठवला नसता तर नवल. आमच्याकडे दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. आईबाप द्राक्षांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जातात आणि पोरे त्यांच्याबरोबर. होळीच्या सुमारास ती परत येतात. त्याच वर्गात, त्याच बाईपुढे, त्याच पुस्तकाशी बसतात. आणि शेजारच्या पोराला जो धडा लागू पडतो तो त्यांना पडत नाही. शिक्षणखात्याच्या तक्त्यात दोघांची हजेरी सारखीच लागते; तो तक्ता म्हणजे गल्ला. वही कोणी ठेवत नाही. अर्थात माणसाचे पोर म्हणजे यीस्टची पेशी नव्हे, आणि मी उपमेचा हात धरून फार लांब जाणार नाही. पण 'सगळ्यांना सारखे दिले, मग सारखे का येत नाही?' हा प्रश्न मी ऐकते, तेव्हा आता मला ते दोन्ही पेले दिसतात. दुसरेही आठवते : तीच यीस्ट भरपूर गॅलॅक्टोजमध्ये टाकली, तर विझलेले दिवेही लागतात. बाकी म्हणजे दैव नव्हे. दरी चढता येते. फक्त एरवीपेक्षा मोठा रेटा लागतो, आणि तो तितका वेळ द्यावा लागतो.

रेट्याविषयी गाईने शिकवलेली एक गोष्ट राहिलीच. दुग्धज्वराच्या भीतीने लोक गाभण गाईला आटल्या दिवसांत भरपूर कॅल्शियम चारतात. प्रेमच ते. पण १९५४ सालीच बोडा आणि कोल या अमेरिकन संशोधकांनी दाखवले होते की, विण्यापूर्वी कॅल्शियम कमी दिलेल्या गाईंना हा आजार कमी होतो. कारण उघड आहे. बाहेरून सगळे आयते मिळत असले की परावटू ग्रंथी स्वस्थ बसतात, हाडांची सवय मोडते, आणि वही कोरीच राहते. मग विण्याच्या दिवशी एकदम तेवीस ग्रॅमांची मागणी येते, आणि हिशेब लिहायला कोणी जागे नसते. थोडी तूट आधी सोसलेली गाय त्या दिवशी तयार असते. आता पशुवैद्यक त्यासाठी खास क्षारही देतात. रक्त अल्कधर्मी झाले की हाडे आणि मूत्रपिंडे त्या हुकमाला बधिर होतात, तो बधिरपणा हे क्षार घालवतात. हे सगळे मापाचे काम आहे, ज्याने त्याने घरी करून पाहायचे नव्हे. आमच्या डांगी गाईंना मात्र यातले फारसे काही लागत नाही. त्यांची मागणीच बेताची, वासरापुरती; त्यांचा कारभार गल्ल्यावरही भागतो.

दिनू त्या वर्षी उत्तीर्ण झाला, पुण्यात नोकरीला लागला. पहिल्या पगारातून त्याने आईला साडी आणली नाही. गोठ्यावर नवे पत्रे घातले. ताईने लोकांपाशी साडीचीच कुरकुर केली आणि पत्रे मात्र प्रत्येकाला गोठ्यात नेऊन दाखवले.

यंदा कपिला आश्विनात व्यायली, चौथ्यांदा. डॉक्टरांनी सांगितले तसा तिचा चारा शेवटचे तीन आठवडे मोजून दिलेला होता. त्या रात्री ताई गोठ्यातच निजली. मीही गेले होते. बाटली आणून ठेवली होती, वाशाला दोरीही बांधून ठेवली होती. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. कपिला उभी राहून रवंथ करीत होती, कान ऊनऊन होते, आणि वासरू ढुशा देत होते. तिच्या मानेतल्या त्या इवल्या ग्रंथी, मूत्रपिंडे, आतड्यातल्या असंख्य पेशी कोणाच्याही हुकमावाचून आपापल्या वहीत आकडे मांडत होत्या. चौथ्या दिवशी ताईने दोरी सोडली आणि खरवसाच्या वड्या कापायला घेतल्या.